पुसलेलं लेबल

लोणारच्या बसमध्ये सुभद्राबाईच्या मांडीवर तापानं फणफणलेला नातू निजला होता. पुढच्या सीटवर एक पोरगी मामाशी बोलत होती.

"दवाखान्याचं सॉफ्टवेअर बनवत होती ना? काऊन सोडलं व?"

"मी प्रोग्राममधी यादीले लेबल लिवलं होतं मामा, हिच्यात फक्त लेकरायचेच डोस."

"मंग?"

"कम्प्युटर ते लेबल प्रोग्राम तयार होतानाच तपासते. प्रोग्राम चालू झाला का लेबल पुसून जाते, त्याले नुसती यादी दिसते. त्यात मोठ्या माणसाचा डोस घुसला. कम्प्युटरनं अडवलाच नाही."

"अन् लेकरू?"

"गेलं."

सुभद्राबाईनं तिच्या खांद्याला हात लावला.

"बाई, आमीबी दवाखान्यातच चाल्लो."

पोरीनं पेन काढला.

"वजन किती याचं, आजी?"

"अकरा किलो."

निजलेल्या लेकराच्या दंडावर तिनं ते ठसठशीत लिहिलं.

"हे पुसू देऊ नोका."