ऐंशीच्या वर नाही, वीसच्या खाली नाही

…पुन्हा! दहा दिवसांत दुसऱ्यांदा! एकाच दारात माणसानं किती वेळा उभं राहायचं हो, लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून? शेवटच्या तुम्ही ना, मावशी? बरं, मी तुमच्या मागे. तुमच्या पुढे कोण? निळ्या टोपीवाले? ते कुठायत? जेवायला गेलेत. आणि त्यांच्या पुढच्या दोघी बहिणी? केस धुऊन येणार आहेत. उत्तम! म्हणजे दारात माणसं तीन आणि रांग सतरा जणांची! माझा अख्खा जन्म या ओल्गीन शहरात गेला, पण जेवढी डोळ्यांना दिसते तेवढीच लांब असलेली रांग मी अजून पाहिलेली नाही.

मग ऐका. वेळच वेळ आहे.

मी ओस्मेल. शाळेत फिजिक्स शिकवतो, त्यातही वीज. जिथं वीज दिवसाला चार तास येते तिथं वीज शिकवायची, म्हणजे इतिहास शिकवण्यासारखंच आहे म्हणा… पण मी मनापासून शिकवतो! आणि माझा सिद्धांत पक्का. बॅटरीची तब्येत सांभाळायची असेल तर ऐंशीच्या वर नाही, वीसच्या खाली नाही! शंभरापर्यंत फुगवली की तिला त्रास, शून्यापर्यंत उपाशी ठेवली तरी त्रास. फळ्यावर लिहिलंय मी हे. आमच्या इमारतीच्या जिन्यातसुद्धा लिहिलंय.

आता वीज येते तेव्हा काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. अख्खी गल्ली एकदम ओरडते, "आलीऽऽ!" आणि जो तो धावतो. कुणी मोटार लावतं, कुणी भात लावतं, कुणी इलेक्ट्रिक स्कूटर उचलून थेट स्वयंपाकघरात नेतं. आणि मी? मी घड्याळ लावून लॅपटॉपसमोर बसायचो. ऐंशी झाले की वायर काढली! वीज आहे, प्लग आहे, सगळं आहे, आणि मी वायर काढून हाताची घडी घालून बसलोय!

खालच्या मजल्यावर एनेइदाबाई राहतात, निवृत्त नर्स. त्या दारातून बघायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. "अरे मास्तर, वेड लागलंय का तुला? भर की तो डबा शंभरापर्यंत! आत्ता जाईल वीज!"

मी म्हणायचो, "मावशी, ऐंशीच्या वर गेलं की आयुष्य कमी होतं."

"मी एक्क्याऐंशीची आहे. मला काय झालंय?"

आता याला फिजिक्समध्ये उत्तर आहे का? नाही!

आणि मग वीज जायची ती चौदा तास, सोळा तास. माझा प्रबंध चालू. ऐंशीवरची बॅटरी वीसवर यायची, मी लिहितोय, पंधरा, मी लिहितोय, शून्य! म्हणजे वरची मर्यादा मी पाळत होतो आणि खालची सरकार मोडत होतं. असं दोन वर्षं चाललं, तुम्हाला सांगतो. मग एका सोमवारी बघतो तर लॅपटॉप टेबलावर सपाट बसेना, डुलायला लागला. उचलून पाहिला तर पोट उशीसारखं फुगलेलं! आणि गुरुवारी सकाळी दहाला विद्यापीठात माझी तोंडी परीक्षा!

प्रबंध कशावर, विचारा. विचारा ना! "एका गल्लीतल्या शेजाऱ्यांनी साठवलेली वीज आपसात वाटून घेतली तर अंधार किती कमी होईल." हसू नका. चार वर्षं घातलीत मी त्यात. गल्लीचा नकाशा केलाय लॅपटॉपवर, चोवीस घरं, आणि एकाकडून दुसऱ्याकडे वीज जाते तसं एकेक घर उजळत जातं. ते कागदावर दाखवता येत नाही. पडद्यावर हलताना दाखवावं लागतं. माझा विश्वास आहे हो त्याच्यावर! आपल्याकडे कमी काही असेल तर ती वीज. माणुसकी कुठं कमी आहे?

म्हणून या दारात आलो, या दुरुस्तीवाल्या एवेलियोकडे. यानं ती उशी बाहेर काढली, दोन बोटांत धरली, आणि डॉक्टर जसे नातेवाइकांकडे बघतात तसा माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, ही शिस्तीनं मेलीय."

"नवी मिळेल?"

"इथं कुठली? पनामाहून कुणी सामान घेऊन येत असेल तर सांगून ठेव. दोन महिने."

"गुरुवार आहे रे, गुरुवार!"

मग यानं एका अपघातात सापडलेल्या स्कूटरची बॅटरी फोडली, आतले सेल मोजून पाहिले, त्यातले बरे निवडले, आणि माझ्या लॅपटॉपला बाहेरून चिकटपट्टीनं बांधून दिले. पाठीवर दप्तर घेतल्यासारखा दिसायला लागला लॅपटॉप! वर म्हणतो, "हिला अजून तुझी ओळख नाही. पडद्यावरचा आकडा खरा धरू नकोस. आणि पहिल्या खेपेला पूर्ण शंभर कर."

शंभर! माझ्या तत्त्वांचं काय? पण केले. बुधवारी दुपारी वीज आली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वायर काढली नाही. ब्याऐंशी, नव्वद… चोरी करताना होईल तशी धडधड! शंभर! आणि वीज गेली.

पण मी जिन्यात ओरडलो. ही चूक माझी. आनंदानं ओरडलो, "शंभर झाले, मावशी! पाच तास चालेल!"

संध्याकाळी दारावर टकटक. एनेइदाबाई. हातात फोन, तोही मेलेला. "मास्तर, सहाला मुलीचा फोन येतो रे. आठवड्यातून एकदाच येतो. थोडीशी दे." आता वीज वाटून घ्या अशी भाषणं ठोकणाऱ्या माणसानं काय म्हणावं? दिली. त्या खाली पोचल्या नाहीत तोवर तिसऱ्या मजल्यावरचे आले, बाळासाठी चार्जिंगचा पंखा घेऊन. मग कुणाचा दिवा. कुणाचा आणखी एक फोन. प्रत्येकजण थोडीशीच मागत होता हो! कुणीच वाईट नाही, तीच तर अडचण! सकाळी उठून पाहतो तर एकतीस.

पण एकतीस म्हणजे वीसच्या वरच ना? सादरीकरण वीस मिनिटांचं. पुरेल!

विद्यापीठात वीज नाही. खिडक्या उघड्या, तिघे परीक्षक, मधोमध डॉक्टर आरिस्तीदेस. मी लॅपटॉप उघडतोय तोच ते घसा खाकरून हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्ही नवी बॅटरी बसवलीत असं कळलं…" कळलं! कुठून कळलं? शहराच्या दुसऱ्या टोकाला कळलं! "बायको हॉस्पिटलात आहे, आज ऑपरेशनचं कळवणार आहेत. माझा फोन अर्ध्यावर आलाय. थोडीशी…"

तुम्ही नाही म्हणाला असता? मी ज्या गोष्टीवर प्रबंध लिहिलाय, तीच गोष्ट माझ्याकडे मागितली जातेय! लावली वायर. आणि सुरू केलं. पहिलं घर उजळलं. दुसरं. मी बोलतोय, आवाज चढतोय, तिसरं, चौथं, परीक्षक पुढे वाकलेत, पाचवं, मी म्हणतोय, "प्रत्येकानं थोडंसं दिलं तर कुणालाच…" सहावं घर उजळलं आणि पडदा काळा!

पडद्यावर बावीस दिसत असताना बंद पडली! वीसच्या खालीसुद्धा आली नव्हती हो!

मग डॉक्टर आरिस्तीदेस अगदी मायेनं म्हणाले, "कल्पना सुंदर आहे, मास्तर. व्यवहारात टिकत नाही एवढंच. तेवीस तारखेला पुन्हा या. वीज असली तर." आणि फोन उचलला, आकडा पाहिला, वायर काढून नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

"ऐंशी झाले होते," म्हणाले. "वर नेऊ नये. तुमच्याच प्रबंधात आहे, परिशिष्ट दोन."

त्यांच्या बायकोचं ऑपरेशन छान झालं. फोन आला मी तिथं असतानाच. मी अभिनंदनही केलं…

काय म्हणालात, साहेब? शेवटचा कोण?

मी. या, माझ्या मागे उभे राहा.

फोन? नाही हो, आता यात काहीच उरलं नाही. नाहीतर दिली असती थोडीशी.