हवेची मोटार आणि मुखरूची मडकी

नाही, पण मी म्हणतो, हवेवर कधी कुणी बसतं का? तुम्हाला सांगतो, आमच्या गावच्या शालिकरामाने, म्हणजे सागवानाच्या ठेकेदाराने, अमेरिकेची मोटार आणली आणि सांगत सुटला, "भाऊ, इले स्प्रिंगाच नाई! रबराच्या फुग्याइत हवा भरली, त्याच्यावर गाडी!" फुगे! सरकारी कचेरीत जन्म गेला माझा, हवेवर चालणारे कारभार मी कमी पाहिलेत? मला संशय आला तो तेव्हाच! तेवढ्यात दादाजी, गावचे जुने मालगुजार, आपल्या मोटारीच्या वेटोळ्या स्प्रिंगेवर थाप मारून म्हणतात कसे, "लोखंड ते लोखंड! वळणावर पाहू ना बे तुहे फुगे!"

आता यात मी कुठे? तर मुखरू ढिवराने तलावासाठी कलकत्त्याहून मासोळीचं बीज मागवलेलं, ते बल्लारपूरच्या स्टेशनावर उतरलेलं. तीन मडकी, आत केसाएवढी पिल्लं. ती मेली तर ढिवर मोहल्ल्याची जाळी वर्षभर खुंटीवर! बैलगाडीने न्यायला वेळ फार, म्हणून मोटार. आणि स्टेशनमास्तरशी बोलायला मी. मुखरूचं काम एकच, वाटभर मडक्यांत हात घालून पाणी हिंदळत ठेवायचं, नाहीतर पिल्लं गुदमरतात. शालिकराम म्हणाला, "माह्या गाडीत न्या! पाणी हालनार बी नाई!" अहो, मला संशय आला तो तेव्हाच... पण ऐकतो कोण?

मडकी घेऊन स्टेशनावरून निघालो. मागून दादाजी रिकामी मोटार घेऊन, भोंगा वाजवत, शर्यतीला! सरळ रस्त्यावर, खोटं कशाला बोलू, पाळणा होता पाळणा. पण वळण आलं की गाडी आधी विचार करी, मग एका कुशीवर कलंडे, मग सावकाश वळे... कचेरीतला अर्जच जणू! दादाजींची मात्र चटकन वळून पुढे. मी ओरडतोय, "शालिकराम, हळू!" आणि मुखरूकडे पाहतो तर काय... घोरतोय! पाळण्यात घातलेला माणूस दुसरं काय करणार? मडक्यातलं पाणी आरशासारखं, आणि पिल्लं वर तोंड काढून आ करतायत! हवेची गाडी, आणि आतल्यांनाच हवा नाही!

वाटेतल्या कोठारी गावी दादाजी पुढे जाऊन थांबलेले, तिथे मडकी त्यांच्या मोटारीत चढवली. मुखरू रडवेला, "मेलो जी भाऊ, झोपलो कसा मी?" त्याचे दोन हात दोन मडक्यांत, तिसरं मडकं माझ्या मांडीवर. मला संशय आला तो तेव्हाच! आणि काय सांगू त्या स्प्रिंगा! वळणं घेत होत्या घोरपडीसारखी रस्त्याला चिकटून, पण खड्डा आला की मी वर, नाला आला की मी वर, टोपी छताला, पाणी अंगावर... "दादाजी, हाडं मोडतील!" तर म्हणतात, "दाबून बसा भाऊ, अजून लय खड्डे येऊन राह्यले!"

तलावावर बीज सोडलं. पिल्लं सरसर पसार! मुखरूच्या डोळ्यांत पाणी. मी कंबर धरून चिखलात बसलेला. मागून पोचलेला शालिकराम म्हणतो फुगे भारी, दादाजी म्हणतात लोखंड भारी, जुंपली दोघांची! मुखरू माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "फुगे नाई न् लोखंड नाई जी. भाऊच्या मडक्यातलं बीज सगळ्यात तेज हाये. भाऊ उडून उडून हिंदळते, तसं मले हातानंबी जमत नाई. पुढच्या साली भाऊलेच बसवू!"

काय करता? उभ्या नोकरीत माझ्या कामाची अशी तारीफ कुणी केली नव्हती... हो म्हणून बसलोय की हो!