दारावरचं नाव

दातांच्या दवाखान्यात मी पुस्तकात डोकं खुपसून बसलो होतो. शेजारी दोन जावा बोलायला लागल्या आणि मी पान उलटायचं विसरलो.

"ताई, शाळेत संडास नाही, म्हणून मुली दुपारीच घरी पळतात. आमचा क्लब जेवढे पैसे जमवेल तेवढेच क्लबचं वरचं ऑफिस आपल्याकडून घालणार आहे. आज शेवटचा दिवस, आणि आमच्या वाट्याचे वीस हजार कमी पडतायत."

"म्हणजे मी वीस दिले की चाळीस होणार?"

"हो ना!"

"मग मी दहाच देते. त्याचे वीस होतील."

"अहो ताई, तसं नाही! मग दोन्हीकडून दहा-दहा कमी पडतील."

"बघते. ह्यांना विचारते."

"देणाऱ्याचं नाव दारावर कोरतात हं."

"संडासाच्या? माझं नाव? काहीतरीच तुझं!"

"दुसऱ्याच्या नावानेही देता येतं. सन्मान म्हणून."

"कुणाच्याही?"

"कुणाच्याही."

"आपल्या वन्संच्या? त्यांना मिरवायची भारी हौस."

"पण त्यांना हे आवडेल?"

"त्यांना कशाला विचारायचं! घे, पुरते वीस लिही. अक्षरं रस्त्यावरून दिसतील ना?"