वीस मेणबत्त्या

आई : एवढा खटाटोप कशाला? माझ्या दहा मेणबत्त्या नेहमीच्या दहांपेक्षा सरासरी चौदा मिनिटं जास्त जळल्या. मालक स्वतः घड्याळ घेऊन बसले होते.

लेक : आणि वर म्हणाले, योगायोग असेल.

आई : तेवीस वर्षं वाती वळतेय मी. मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेली वात सावकाश जळते, हे माझ्या बोटांना कळतं.

लेक : बोटांचं ते ऐकणार नाहीत. उद्या ठरणार ना, कारखान्यात यापुढे तुझी वात की नेहमीची?

आई : नेहमीची ठरली तर माझं वाती वळणं बंद, मी परत पूर्वीसारखी खोकी चिकटवायला.

लेक : म्हणून तर. या वीस चिठ्ठ्या. एकेकीवर एकेका मेणबत्तीची मिनिटं. दहा तुझ्या, खूण केलेल्या, दहा नेहमीच्या. आता घटकाभर असं धर, की तुझ्या भिजवण्यानं काहीच फरक पडत नाही.

आई : का म्हणून धरू?

लेक : धर गं. तसं असेल तर कुठली चिठ्ठी कुठल्या ढिगात पडली, सारखंच. सगळ्या एकत्र पीस, दहा-दहाचे दोन ढीग कर, दोन्हींची सरासरी काढू. नुसत्या नशिबानं किती फरक पडतो, ते बघू.

आई : हं, घे.

लेक : या ढिगात तुझ्याच आठ कशा?

आई : आल्या असतील.

लेक : आई.

आई : अगं, ही चारशे सव्वीसवाली माझी. दुसऱ्या ढिगात टाकायला हात धजेना.

लेक : पालथ्या घालून पीस. बघायचं नाही.

(सकाळची दुपार होते. हातानं पन्नास वेळा झाल्यावर लेक तेच काम संगणकाला हजार वेळा करायला लावते.)

आई : पन्नासात एकदाही चौदा नाही आलं. त्याचं काय म्हणणं?

लेक : हजारात चौदा किंवा जास्त फक्त अकरा वेळा.

आई : म्हणजे अकरा वेळा माझ्यावाचून जमलं.

लेक : आणि नऊशे एकोणनव्वद वेळा नशिबाला तुझी बरोबरी करता आली नाही. मला तर गल्लीभर सांगत सुटावंसं वाटतंय.

आई : ते अकरा गाळू नकोस. मालकांना आधी तेच सांगायचे.

लेक : सांगू. उद्या येऊ मी बरोबर?

आई : नको. चिठ्ठ्या तेवढ्या दे. मालकांनाच पिसायला बसवते.