रांगोळीचा कोरा कोपरा

डिझाइनची इन्स्पिरेशन कुठून आणते, हे मले विचारू नका बाबा. मागं काय झालं, ते ऐका. शंकर नगरच्या एका चिवडेवाल्या भैयांसाठी मी पाकिटाचं डिझाइन करून राहिली होती. तीन दिवस इंटरनेटवर जगभरची पाकिटं पाहून डोळे दुखले, पण सुचेना काही. शेवटी आईनं यवतमाळहून फोटो पाठवला होता, तिची अंगणातली रांगोळी, तीच जशीच्या तशी उतरवली.

भैया म्हणाले, "बढ़िया है दीदी, पर एक कोना खाली छूट गया."

फोटो पाहिला तर खरंच! तीन कोपऱ्यांत फुलं, चौथा कोरा. त्यांच्यासमोरच आईले फोन लावला.

"आई, रांगोळीचा एक कोपरा काहून सोडते तू?"

"अवं, लहानपणी तिथं तू बसत होती ना, रंगाची वाटी धरून. सरक म्हटलं की रडत होती. मंग सोडून देत होती मी. आता हातालेच सवय पडली."

दोन वर्षं झाली मले घरी जाऊन.

भैयांनी विचारलं, "क्या बोलीं मम्मी? भर दें?"

"नहीं भैया," मी म्हटलं, "वो मेरी जगह है."

फोन चालूच होता. तिकडून आई म्हणाली, "मंग येऊन बस ना."