गुलाबी गंज

नाही हो, सायकल चोरीची नाही! चोर असतो तर असा भर रस्त्यातून मागचं चाक उचलून, घामाघूम होत तुमच्या दारात आलो असतो का? कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्यानेही हेच विचारलं — काका, कुणाची उचलली? म्हटलं, बायकोची. तर हसला. हसण्यासारखं काय आहे त्यात? बायकोचीच आहे. मागच्या चाकाचं हे गोल कुलूप अडकलंय, किल्ली अर्धी आत जाते आणि पुढे घोडं अडतं. आमची ही म्हणाली, पुलाखालच्या दुकानातच न्या, तोच माणूस नीट बघतो. वाटेतली दोन दुकानं ओलांडून आलोय तुमच्यासाठी. आणि आधीच सांगतो, हा कंपनीचा दोष. कारखान्यात माल तपासण्यात जन्म गेला माझा, मला दोष लांबून दिसतो.

उघडलंत? बघू, बघू — एवढंसंच? बाहेरून काय तो रुबाब, आणि पोटात ही इवलीशी स्प्रिंग अन् पितळेची नळी! आणि या चपट्या पट्ट्या कशाला? अच्छा — किल्ली गेली की सगळ्या एका ओळीत येणार, मग नळी फिरणार. आणि एक जरी अडून बसली तरी सगळं ठप्प. म्हणजे आमच्या घरासारखंच. अडून बसणारी कोण, ते विचारू नका.

साठीला आली आणि सायकल शिकली हो! पडली, गुडघे फोडून घेतले, पण शिकली. आता रोज पहाटे बायकांचा ताफा निघतो, ही सगळ्यांत पुढे. मला जाग येते तेव्हा शेजारची उशी गार असते. चहा थर्मासात भरून ठेवते, नाही असं नाही — पण थर्मासातला चहा एकट्याने पिऊन बघा कधी. घर खायला उठतं. मी तिला बोललो का काही? एक शब्द नाही. आज तर दिवसभराची फेरी होती त्यांची, पार धरणापर्यंत, आणि काल संध्याकाळी नेमकं कुलूप अडकलं. योगायोग बघा! मला वाटलं, चिडेल. तर म्हणते, असू दे, मी बसने बहिणीकडे जाऊन येते, तुम्ही तेवढं कुलूप दाखवून या. घ्या! घरी थांबली नाहीच.

काय निघालं? गुलाबी? गंज असेल. असतो हो, हल्लीच्या धातूंना गुलाबी गंज येतो. वास कसला घेताय — पुदिन्याचा? असेल. आणि माझ्या तोंडाकडे काय बघताय? कवळी आहे. ती काय जगात मी एकटाच लावतो? ती चिकटवायची पेस्ट गल्लोगल्ली मिळते, कुणीही भरली असेल आत. पोरं काय कमी वांड आहेत? आणि काडीने भरायची म्हणजे सोपं नसतं, अर्धी बाहेरच येते, मग अख्खी ट्यूब पिळावी लागते —

बरं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मीच भरली. एक दिवस घरी राहावी, समोर बसून चहा प्यावा, एवढंच मनात होतं. काही पाप आहे का? पण तिला कळता कामा नये. तुम्ही गंज म्हणायचं. गंज, बस्स.

झालं? वा, खटकन उघडलं की! आता फेरी? मी मारू? नको, माझा गुडघा... आणि बायकी सायकल, लोक काय म्हणतील... अहो, आग्रह कसला करताय — येत नाही मला! झालं समाधान? लग्न ठरलं तेव्हापासून गुडघा दुखतोय म्हणून सांगत आलोय. तीही बिचारी माझ्या चालीने चालली इतकी वर्षं, हळूहळू, फूटपाथवरून. मला काय ठाऊक, हिला एवढा वेग आवडतो?

काय म्हणालात? ही — इथे आली होती? सकाळी? छे, ती बसने गेलीय. लाल सायकल? तुमच्याकडची, भाड्याची? म्हणजे गेलीच धरणावर! आणि तुम्ही इतका वेळ गप्प बसून माझं सगळं — काय सांगून गेली? ‘हे येतील, कुलपातून गुलाबी निघेल, त्यांना हसू नका’? असं म्हणाली? मग मला हमालासारखं चाक उचलून इतक्या लांब कशाला... हात दाखवून अवलक्षण ते हेच. आणि तिच्या त्या मैत्रिणी होत्या का सोबत? हसल्या असतील. हसल्या ना? नका सांगू.

नाही, घरी नाही जात. लाल सायकल परत करायला ती इथेच येणार ना? मग बसतो पायरीवर. तुमच्या गिऱ्हाइकांना नाही अडचण करणार.

आता हे काय? डबा? माझा? ती ठेवून गेली? द्या बरं. झाकण घट्ट लावते नेहमी — थांबा, निघालं. मऊ भात आहे. दूध घालून, नुसता मऊ भात. चावायला लागेल असं काही ठेवलेलंच नाही हिने. ट्यूब रिकामी झालेली पाहिली म्हणजे...

काही नाही. तुम्ही जा हो आत, तुमचं काम करा. माणूस जेवताना बघत उभे कसले राहता?