पट्टा केव्हा बांधला

कान्होजी: ...आणि खाली सही तुझी, ताई. तू होतीस तिथं. मी तर नंतर पोचलो.

सुमनताई: आधी वाच.

कान्होजी: "दवाखान्यात मलमपट्टी करणारा ड्रेसर बळवंत याच्या गाफीलपणामुळे आमचे वडील रघुनाथराव यांचा पाय कापावा लागला व चौथ्या दिवशी ते वारले. सबब त्यास नोकरीवरून दूर करावे." बिलकुल साफ लिहिलंय. मामांनी दोनदा तपासलं.

सुमनताई: मी सही करणार नाही.

कान्होजी: का? त्याची दया येतेय? दोन तास आबांना बाकावर बसवून ठेवलं त्यानं! कुणाचं तरी चेचलेलं बोट बांधत बसला होता.

सुमनताई: त्यानं मला विचारलं होतं, कान्हा. "बाईजी, पट्टा कब बांधा?"

कान्होजी: मग?

सुमनताई: मी म्हणाले, आधा घंटा हुआ.

कान्होजी: बरोबरच ना.

सुमनताई: तेव्हाच तीन तास झाले होते.

कान्होजी: तीन? शेजारचे पांडुरंगराव तर सगळ्या आळीत सांगत फिरतायत, सुमननं पट्टा बांधला म्हणून माणूस दवाखान्यापर्यंत तरी पोचला.

सुमनताई: बांधला नीटच. तलवार पुसताना आबांच्या पोटरीत खोल गेली, रक्त दाबून थांबेना. फेट्याची रुंद पट्टी घेतली, गुडघ्याच्या वर बांधली, लाटणं घालून पिळली. शाळेत युद्धामुळे सुरू झालेल्या प्रथमोपचाराच्या वर्गात मुलींना शिकवते, अगदी तसंच. रक्त थांबलं. मला वाटलं, झालं.

कान्होजी: मग लगेच का नाही निघालीस?

सुमनताई: खंडेनवमी होती. आबा म्हणाले, हत्यारांची पूजा अर्धी टाकून उठायचं नाही. मी ऐकलं. पाय पाटावर ठेवून त्यांनी आरती म्हटली. शेजारच्या सुलोचनाबाई आल्या, तर त्यांना म्हणाले, "बघा, आमच्या पोरीनं डॉक्टरला सुट्टी दिली." मला ते आवडलं, कान्हा. पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी चहा ठेवला.

कान्होजी: पण तोवर पट्टा जरा सैल करायचा होतास.

सुमनताई: आपल्या मनानं सैल करायचा नसतो. सोडणं डॉक्टरचं काम. आपण बांधायचा, वेळ लिहायची आणि त्याच पावली निघायचं. मी पहिलंच तेवढं केलं.

कान्होजी: लिहायची कुठं?

सुमनताई: कपाळावर, ठळक. बघणाऱ्याला कुणाला विचारावं लागू नये म्हणून. आबांच्या कपाळावर पूजेचा टिळा होता. तो पुसून बापाच्या कपाळावर पेन्सिल फिरवायची मला लाज वाटली. सदऱ्याला चिठ्ठी टाचली असती तरी भागलं असतं. तेही सुचलं नाही. टांग्यात पायावर शाल टाकली. सणाच्या गर्दीची नई सडक, लोक बघतील म्हणून. शालीखाली पाय काळानिळा पडला, तो मलाही दिसला नाही.

कान्होजी: बळवंतनं तरी शाल उचलायची होती!

सुमनताई: हात घातला होता त्यानं. मी म्हणाले, खून बंद है, पहले उनको देख लो.

कान्होजी: अगं, पण खरं सांगायला काय झालं होतं तुला?

सुमनताई: समोरच्या बाकावर माझ्याच वर्गातल्या दोघी मुली बसल्या होत्या. पट्टीच्या तासाला वेळ लिहायला विसरली म्हणून एकीला मी सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तिच्यासमोर तीन तास म्हणायला तोंड उघडेना.

कान्होजी: (कागदाची घडी करत) हे तू आणखी कुणाला सांगितलंयस?

सुमनताई: नाही. उद्या मोठ्या डॉक्टरांना सांगणार आहे, बळवंतसमोर.

कान्होजी: वेडी झालीस का? मी दरखास्त देत नाही, विषय संपला. उगीच लोक म्हणतील, लेकीनंच बापाला...

सुमनताई: दरखास्त नसली तरी सगळं लश्कर शहर त्याचंच नाव घेतंय. काल फूलबागेशी भेटला. मान खाली घालून, "माफ करना, बाईजी" म्हणाला. मला. आणि मी मान हलवली.

कान्होजी: ...थांब, ताई. आबा शुद्धीवर होते ना? तिथं, बाकावर?

सुमनताई: होते. माझ्या खांद्याला टेकून.

कान्होजी: म्हणजे तू काय सांगितलंस ते त्यांनी ऐकलं.

सुमनताई: ऐकलं.

कान्होजी: मग ते का नाही काही बोलले?

सुमनताई: बोलले. आधी माझ्याकडे बघितलं. मग बळवंतला म्हणाले, "हां भैया, आधाही घंटा हुआ."